बी न धरलेली कोरफड

माझ्या धाकट्या भावानं ती कोरफड ओमानहून आणली तेव्हा ती त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली होती आणि ते गाठोडं एका सेफ्टी बुटात कोंबलेलं होतं. सलालाहच्या मागं जे डोंगर आहेत तिथं रस्त्याच्या कामावर तो सर्व्हेअर होता. सुट्टीवर आला की आधी मुंबईहून शहरात, गारखेड्यात माझ्याकडं उतरायचा, अंघोळ-जेवण करायचा आणि मग आमच्या गावी, लासूर स्टेशनला जायचा. तिथं आमची आई, त्याची बायको आणि मुलगी. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. डिप्लोमाची तीन वर्षं तो माझ्याकडंच राहिला होता, त्यामुळं घरात शिरल्यावर चप्पल कुठं काढायची नि तांब्या कुठं असतो हे त्याला विचारावं लागत नसे.

"आक्का, ओळख," म्हणाला आणि बूट माझ्यापुढं उपडा केला.

मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तीस वर्षं होत आली. कोरफड आहे हे कुणीही सांगितलं असतं. पण आपल्याकडं कुंडीत, बांधावर, दारात टांगलेली दिसते ती ही नव्हती. पानं वीतभर, अरुंद, राखी झाक असलेली हिरवी, आणि कडेचे काटे इतके मऊ की बोट फिरवलं तरी ओरखडा उठत नव्हता. सगळ्यात विचित्र म्हणजे सगळी पानं एकाच बाजूला वळलेली. भांग पाडून केस एका अंगाला चोपून बसवावेत तशी. आपली कोरफड चहूकडं सारखी उमलते. हिचं एक अंग पाठ होतं आणि एक अंग पोट.

"कुठं मिळाली?"

"रस्त्यासाठी कडा उडवला. सुरुंगानं. खाली जो मलबा आला त्यात ह्या पडल्या होत्या, धा-बारा. बाकीच्या डोझरखाली गेल्या. मी म्हणलं एक आक्काला नेऊ."

मी त्याला रागावले. घरगुती कोरफड सोडली तर या कुळातली कुठलीही जात एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर कागद लागतात, हे मी दरवर्षी बारावीच्या मुलांना सांगते. तो हसला. "कोण बघतंय आक्का? आन् तिथं ठेवली असती तर काय, मेलीच असती." त्याच्या बोलण्यात खोट काढता येण्यासारखी होती. मी काढली नाही. बोलता बोलता उठले आणि मागच्या अंगणातून रिकामी कुंडी घेऊन आले.

तिचं शास्त्रीय नाव पुढं मी शोधून काढलं, पण ते इथं लिहीत नाही आणि कड्याची खूणही सांगत नाही. दुर्मिळ झाडांची नावं आणि ठिकाणं कळली की ती उपटायला माणसं जातात. मी हे आता कुणाला शिकवायच्या लायकीची नाही, तरी सांगते.

ती उभी लावली ही माझी पहिली चूक. कोरफडीला जशी माती लागते तशी, वाळू आणि खडी जास्त घालून, मी केली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यातलंच तांब्याभर. पंधरा दिवसांत मधल्या पोग्याचा, कोवळ्या पानांच्या गाभ्याचा, रंग बदलला. दाबला तर बोट आत गेलं, कुजट वास आला. मी घाबरून दोन पानं कापली. त्यातून पिवळा कडू रस गळला, तो मात्र आपल्या कोरफडीचाच, काळा बोळ ज्याचा करतात तसा.

रविवारी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅमेरा कुंडीवर धरला.

"उभं काय लावलंस?" तो ओरडलाच. "ती उलटी लटकती तिथं. कड्याला. थांब, फोटो टाकतो."

त्यानं टाकलेला फोटो मी अजून मोठा करून बघते. पांढुरक्या चुनखडीचा सरळ कडा, त्यावर ओलसर काळे ओघळ आणि फटीफटीतून खाली लोंबणारे हिरवे झुबके. मुळं कपारीत, डोकं दरीकडं. पानं खाली उतरून टोकाशी परत उजेडाकडं किंचित वळलेली. तेव्हा मला ती समजली. लटकत असल्यामुळं तिच्या पोग्यात पाणी साचूच शकत नाही. तिथं पाऊस कमी आणि धुकं जास्त. धुक्याचं पाणी पानावर जमतं, पानाच्या पन्हळीतून घरंगळतं आणि थेंब टोकावरून दरीत पडतो. मुळाला मिळतो तो दगडावरून झिरपलेला ओलावा. मी तिला उभी करून तिच्या डोक्यात पेला भरून ठेवला होता.

"तिथं धुक्याला काय म्हणतात माहितीय?" भाऊ म्हणाला. "धुक्याचा जो सीझन असतो ना, जून ते सप्टेंबर, त्याला खरीफ म्हणतात. आपलंच खरीफ! पण पेरत काय नाय. नुसतं धुकं. लोक मजा बघाया येतात."

"कडाच का पण?" मी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं. "माती नाही, पाणी नाही."

"खाली उंट हायत ना. शेळ्या हायत. खाली जे उगवलं ते पोटात. वर कोण जातंय?"

हे उत्तर मी पुढं वर्गात वापरलं. मुलांना वाटतं प्रत्येक झाड आपल्या आवडीच्या जागी राहतं. खूपदा झाड फक्त तिथं राहिलेलं असतं जिथं त्याला कुणी गाठू शकलं नाही.

मी कुंडी आडवी केली. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला दोन खिळे ठोकून तारेनं बांधली, पूर्वेकडं तोंड करून, म्हणजे दुपारचं ऊन लागणार नाही. उन्हाळ्यात पानं तांबूस झाली, आक्रसली, पाठीवर सुरकुत्या पडल्या. मी ओलं गोणपाट भिंतीवर टाकत असे. ती जगली. दुसऱ्या पावसाळ्यात तिनं चार नवी पानं काढली आणि तिसऱ्या हिवाळ्यात फुलोऱ्याचा दांडा.

तो दांडा आधी खाली गेला, पानांच्याही खाली, आणि मग शेवटची बोटभर लांबी वर वळली. त्यावर पांढरी फुलं, प्रत्येक पाकळीवर हिरवी बारीक रेघ. कोरफडीची फुलं म्हणजे लाल, केशरी नाहीतर पिवळी, असंच मी तोवर शिकवत आले होते. प्रत्येक फुलात आधी पुंकेसर बाहेर यायचे आणि ते सुकायला लागले की मग कुक्षी, पराग झेलणारं टोक. जांभळा शिंजीर पक्षी सकाळी सकाळी येऊन दांड्याला उलटा लटकायचा आणि एकेक नळी रिकामी करायचा. त्याच्या सातशे पिढ्यांत कुणी हे फूल पाहिलं नसेल, पण त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी खूश होते. माझं आयुष्य फार भरलेलं नाही. लग्न केलं नाही, कॉलेज आणि घर. महिन्यातून एकदा लासूर स्टेशन. त्या झाडाची मी वही केली होती. कुठलं फूल कधी उमललं, केसर कधी आले, सगळं लिहीत होते. चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश आणून एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावला. पंधरा दिवसांनी एकही फळ न धरता सगळी फुलं गळाली. दांडा काडीसारखा कोरडा उरला.

पुढच्या वर्षी परत तेच.

कारण मला माहीत होतं. या कुळातल्या बहुतेक जाती स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. पराग कुक्षीवर पडतो, पण झाड त्याला आपलाच म्हणून ओळखतं आणि बी धरू देत नाही. दुसरं झाड लागतं, वेगळ्या बीजाचं. एकाच झाडाची हजार फुलं असली तरी व्यर्थ. भावाला मी हे फोनवर सांगितलं.

"म्हणजे जोडी पायजे व्हय तिला?"

"तसंच समज."

"मग आणू की दुसरी."

"नको," मी म्हटलं. आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. चार दिवसांनी, दोन तासिकांच्या मध्ये, स्टाफरूमच्या बाहेर उभं राहून मी त्याला एक व्हॉइस मेसेज पाठवला. तो शब्दन् शब्द मला पाठ आहे. "हे बघ, कड्यावर चढायचं नाही. अजिबात नाही. पण रस्त्याच्या कामात एखादं खाली पडलेलं सापडलं, तर बघ. नाहीतर हिचा वंश माझ्या भिंतीवरच संपायचा." शेवटचं वाक्य मी हसत म्हटलं होतं.

त्यानंही उलट आवाजातच पाठवलं, "बघतो आक्का."

ही गोष्ट एप्रिलमधली. रस्त्याचं त्या बाजूचं काम तोवर संपलं होतं. खाली पडलेलं झाड आता सापडणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. मी विचारलं असतं तर मलाही कळलं असतं.

जुलैमध्ये एका शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी प्रयोगशाळेत होते. मक्याच्या खोडाचे काप मुलं सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. फोनवर ओमानचा नंबर आला, पण आवाज भावाचा नव्हता. त्याच्या खोलीत राहणारा फोरमन, केरळचा, अडखळत हिंदी बोलणारा. "मॅडम, भाई गिर गया है. पहाड से. हॉस्पिटल में है. आप घर में अभी मत बताना." मी विचारलं, कुठल्या पहाडावरून, आज तर सुट्टी आहे. तो म्हणाला, "मालूम नहीं मॅडम. अकेला गया था. कोहरा बहुत था."

मला लगेच समजलं. माझ्या हातात एका मुलीची स्लाइड होती, ती मी तिला परत दिली आणि म्हटलं, "सॅफ्रॅनिनचा रंग जास्त झालाय, धुऊन घे." मग बाहेर जिन्यात जाऊन बसले.

पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडला होता, आतून रक्तस्राव होता. आमच्यापैकी कुणाचाच पासपोर्ट नव्हता. माझा नाही, भावजयीचा नाही. मी सोमवारी सकाळी अर्ज केला, तातडीचा म्हणून सगळ्या खिडक्यांवर विनवण्या केल्या, रुग्णालयाचं पत्र दाखवलं. पासपोर्ट कार्यालयातल्या माणसानं माझ्याशी चांगुलपणानंच वागून सांगितलं की पोलीस पडताळणीशिवाय त्याच्या हातात काही नाही. भावजय रोज लासूरहून फोन करायची, "आक्का, आला का?" आणि मी म्हणायची, "येईल आज-उद्या."

पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला. नर्सनं त्याच्यासमोर फोन धरला. आधी तो बायकोशी आणि मुलीशी बोलला होता, मग मला लावायला सांगितलं. चेहरा सुजला होता, ओठ कोरडे. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

"आक्का, हात पोचला नाय," तो म्हणाला. "वीतभर राह्यलं."

"गप. बोलू नको."

"फटीत लई चांगली होती. फुलाचा वाळका दांडा होता तिला. बोंडं होती त्याच्यावर. तीन-तीन खणांची, तू म्हणतीस तशी." नर्सनं त्याचे ओठ कापसानं ओले केले. "दगड ओला होता."

"तू कशाला गेलास रे?"

तो जरा आश्चर्यानं माझ्याकडं बघत राहिला. "तूच म्हणली ना, वंश संपंल म्हणून."

त्यात दोष देणं नव्हतं. मी सांगितलेलं काम त्याला नीट समजलं होतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मग तो म्हणाला, "हिला नको सांगू. फोटो काढाया गेलता म्हण. मीबी तेच सांगितलंय."

मी हो म्हटलं. नवव्या दिवशी तो गेला. माझा पासपोर्ट त्यानंतर आला. तो कपाटात आहे, एकही शिक्का नसलेला.

मुंबईहून रुग्णवाहिकेनं त्याला लासूर स्टेशनला आणलं, तेव्हा शिवना नदीला थोडं पाणी होतं. पेटी उघडायची की नाही यावर पुरुषमंडळींत बोलणी चालली होती. आईनं ती थांबवली. "उघडा. माझं लेकरू हाय ते." तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि गार लागला म्हणून पटकन काढून घेतला, आणि मग परत ठेवला. तो कामावर असताना पडला, असं आम्ही आईला सांगितलं. ती येईल त्याला सांगायची, "रस्ता करताना गेला माझा." अर्धं गाव मुंबई-पुण्याला कामाला, कामावर मरण येणं त्यांना मानाचं वाटायचं.

दशक्रियेनंतर मी घरी आले आणि मागच्या अंगणात गेले. कोरफडीला मध्यंतरी कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी तिचं काहीच बिघडलं नव्हतं. अशी झाडं दिवसा पानांची तोंडं मिटून घेतात, हवा आत घेतात ती अंधारात, म्हणून त्यांना माणसाच्या आठ-पंधरा दिवसांच्या गैरहजेरीनं फरक पडत नाही. हे मी मुलांना कौतुकानं सांगत आले होते. त्या दिवशी मला त्या चिवटपणाची किळस आली. तार कापायला पक्कड घेतली. पण हात उचलला गेला नाही. त्याच्या हातची शेवटची वस्तू म्हणून की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही.

फेकणं जमेना तेव्हा मी तिला कुठंतरी सोपवावी असं ठरवलं. दुसऱ्या शहरातल्या एका वनस्पती उद्यानात माझ्या ओळखीतले एक अभ्यासक होते. त्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद नसलेलं झाड आम्हाला घेता येत नाही. आणि बाई, तुम्ही ते ठेवायलाच नको होतं." मग म्हणाले, "नेमकी जागा नोंदलेली नसेल तर त्याचा अभ्यासालाही फार उपयोग नाही. शोभेचं झाड, बस." मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला.

कंपनीनं त्याचं सामान खोक्यात भरून पाठवलं. त्यात त्याचा फोन होता, काच फुटलेला. एका महिन्यानं भावजयीनं तो माझ्याकडं दिला. "आक्का, तुमच्याकडं शहरात दुरुस्त होईल. त्यात पोरीचे फोटो हायत, त्याचे हायत." फोन उघडायची खूण तिनं मला कागदावर काढून दिली.

मी तो पैठण गेटला एका दुकानात दिला. दुकानदारानं दोन तासांत काच बदलली आणि सगळं सुरू आहे का ते बघा म्हणून माझ्या हातात उघडा फोन दिला. मी रिक्षात बसले. त्याच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. थोडं मागं सरकवलं की एप्रिल. माझा मेसेज, त्याखाली त्याचा. दोन्ही पुसायला चार सेकंद लागली असती. पुसलं असतं तर त्याची इच्छा पाळल्यासारखंच झालं असतं, अशी मी स्वतःची समजूतही घातली. बोट ठेवलं. पण त्याचे ते दोन शब्द, "बघतो आक्का", ऐकल्याशिवाय पुसवेनात, आणि ऐकल्यावर तर नाहीच. रिक्षा गारखेड्यात पोचली तेव्हा फोन तसाच होता. यात प्रामाणिकपणा किती आणि दुबळेपणा किती, ते मी मोजत बसले नाही. पुढच्या रविवारी लासूरला नेऊन तिच्या हातात दिला.

चार महिने ती काही बोलली नाही. मी जायची तेव्हा चहा करायची, पोरीच्या अभ्यासाचं सांगायची. मला वाटलं, तिनं फक्त फोटो बघितले असतील.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात ती न सांगता माझ्या दारात उभी राहिली. सकाळच्या गाडीनं आली होती, एकटी. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"कुठाय ते?"

"काय?" असं मी विचारलं नाही. तिला मागं नेलं. दांडा नुकताच निघाला होता, फुलं अजून मिटलेली. ती भिंतीपुढं उभी राहिली. आधी नुसती बघत होती, मग वाकून अगदी जवळून.

"हेच?"

"हो."

"एवढंसं?"

मी तारेला अडकलेलं एक वाळकं पान काढलं.

"मला वाटलं काय तरी मोठं आसंल," ती म्हणाली. "औषधाचं. कुणाचा जीव वाचवणारं." तिनं एका पानाला बोट लावलं आणि पदराला पुसलं. "ह्याला बी धरलं असतं तर काय झालं असतं?"

"रोपं झाली असती."

"मग?"

"मग... काही नाही. रोपं."

ती अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल, झाड ओरबाडेल. त्यातलं काहीही मला चाललं असतं. तिनं विचारलं, "फोन दिला तवा तुम्हाला म्हाईत होतं त्यात काय हाय?"

"होतं."

"मग तोंडानं का नाय सांगितलं? मला ते पोरीसंगं ऐकायला लागलं. ती म्हणली, मम्मी, आत्याचा आवाज हाय, लाव. आम्ही दोघींनी बसून ऐकलं."

त्या मुलीचा मी विचारच केला नव्हता. त्या वेळी ती तेरा वर्षांची होती.

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं," मी म्हणाले. म्हणताक्षणी मला कळलं की मेलेल्या माणसावर मी हे ढकलते आहे. मग मी म्हणाले, "ते खरं आहे. पण मी घाबरले म्हणून नाही सांगितलं."

ती मान हलवत राहिली, पटल्यासारखी नव्हे, मोजल्यासारखी. मी म्हटलं, "हे आजच टाकून देते. तुझ्यासमोर."

"नाय." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "टाकायचं नाय. टाकलं की तुम्ही सुटल्या. ठेवा. पाणी घाला. मी ईन तवा मला दिसलं पायजे."

ती दुपारच्या गाडीनं गेली. रिक्षा स्टँडपर्यंत मी तिच्यामागं चालत होते, ती पुढं. मागं वळून बघितलं नाही.

तिनं आईला यातलं काही सांगितलं नाही. आई दोन वर्षांनी गेली, रस्ता करताना लेक गेला असंच मानून. शेवटच्या दुखण्यात भावजयीनं तिचं सगळं केलं. मी शनिवार-रविवार जायची, औषधं न्यायची. आम्ही दोघी आईच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसायचो आणि तिच्याबद्दल जेवढं बोलावं लागे तेवढंच बोलायचो.

झाड मी ठेवलं आहे. ते दर हिवाळ्यात फुलतं, फुलं गळतात. वही मी बंद केली. ब्रश कुठं आहे माहीत नाही. वर्गात कोरफडीचा धडा आला की पुस्तकात आहे तेवढंच शिकवते. एका मुलानं मागं विचारलं होतं, मॅडम, कड्यावरच्या झाडांचा अभ्यास करायला दोर लागतो का? मी त्याला इतक्या मोठ्यानं "काही गरज नाही" म्हणाले की पहिल्या बाकावरची मुलं दचकली.

भाची दहावी झाली तेव्हा प्रश्न आला की अकरावीला कुठं ठेवायची. लासूरहून रोज ये-जा करणं तिला झेपलं नसतं आणि वसतिगृहात ठेवायला भावजयीचा जीव धजत नव्हता. माझं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. ते सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी म्हणत नव्हतं. शेवटी भाचीनंच मला फोन केला. "आत्या, मी तुझ्याकडं राहू का? मम्मीला मी सांगितलंय."

"मम्मी काय म्हणाली?"

"म्हणली, तुझं तू ठरव."

ती आली. कॉमर्स घेतलं. गणित चांगलं आहे, विज्ञान मिळत होतं, पण जीवशास्त्राचं पुस्तक घरात दिसायला नको म्हणाली. मी माझी पुस्तकं आतल्या खोलीत हलवली. ती मागच्या अंगणात जात नाही. कपडे गच्चीवर वाळत घालते. माझ्याशी नीट वागते, जेवताना बोलते, पण तिच्या बापाचं नाव आमच्या दोघींत निघत नाही. एकदाच, हिशोबशास्त्राची परीक्षा चांगली गेली त्या दिवशी, ती भांडी घासता घासता म्हणाली, "पप्पांना तुझा लई धाक होता ना? तू म्हणलीस की ते करायचेच."

मी म्हटलं, "धाक नव्हता."

ती म्हणाली, "मग काय होतं?" आणि उत्तराची वाट न बघता नळ बंद करून आत गेली.  तिला उत्तर द्यायला हवं होतं. ते मला अजून नीट मांडता येत नाही.

मागच्या महिन्यात पालकसभा होती म्हणून भावजय आली. सभा दुपारी एकला संपली. परतीच्या गाडीला वेळ होता. आतापर्यंत ती माझ्याकडं आली की बाहेरच्या खोलीत बसायची, उठून मागं जायची, भिंतीवर एक नजर टाकायची आणि निघायची. पाण्यापलीकडं काही घेत नसे. या वेळी मी विचारलं नाही, दोन ताटं वाढायची तिथं तीन वाढली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. भाचीनं तिला हाताला धरून बसवलं.  तिनं अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली, म्हणाली, "मला एवढी जाणार नाय," आणि उरलेली खाल्ली.